असलं पुस्तक वाचायचंच कशाला?

आमच्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये एक लोखंडी कपाट आहे. वरच्या खणात गेटची पुस्तकं, मधल्या खणात मागच्या दहा वर्षांचे सोडवलेले पेपर, आणि सर्वांत खाली, जिथे हात घालायला गुडघ्यावर बसावं लागतं तिथे, 'अवांतर'. म्हणजे 'मृत्युंजय'च्या दोन प्रती (एकीची शेवटची पानं गायब), 'अग्निपंख', पु. लं.ची तीन-चार, हॅरी पॉटरचे मधलेच दोन भाग आणि पास आउट झालेल्या सीनियर्सनी खोली रिकामी करताना टाकून दिलेली इंग्रजी पुस्तकं. या कपाटाची एक कमिटी आहे. चार जणी. त्यातली एक मी.

मागच्या टर्मला कुणीतरी नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहिलं, 'हे असलं पुस्तक इथे कसं?' खाली नाव होतं 'टेंडर मॉर्सेल्स'. मराठीत म्हणायचं तर 'कोवळे घास'. आम्ही चौघींनी मेसमध्ये पोहे खाता खाता ते उघडलं. सुरुवातच इतकी रांगडी, की एकीने घास खाली ठेवला. आम्ही पहिली दहा पानं चाळली, मागचं कव्हर वाचलं आणि ठरवून टाकलं, की नको बाई, उगाच कुणाच्या घरून फोन आला तर कोण उत्तर देणार? सात मिनिटांत मीटिंग संपली. पुस्तक काढून टाकायच्या बाजूने सर्वांत आधी हात वर केला तो मी. रद्दीत टाकायला मात्र जीव होईना, म्हणून ते माझ्या ट्रंकेत गेलं.

आठ-दहा दिवसांनी फर्स्ट इयरची एक मुलगी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत येईना.

"ताई, खालच्या खणातलं ते जाड पुस्तक कुठे गेलं? माझं अर्धं राहिलंय."

मी म्हटलं, "काढलं ते. जरा तसलंच होतं."

"हो, माहितेय," ती म्हणाली. "पण त्या दोघी बहिणींचं पुढे काय होतं? त्यांना नीट राहायला मिळतं का शेवटी?"

मला उत्तर देता आलं नाही. ज्या पुस्तकाला मी हॉस्टेलबाहेर काढलं होतं, त्यात बहिणी आहेत हेच मला धड माहीत नव्हतं! व्हायवाला न वाचता जाणं वेगळं. तिथे फार तर केटी लागते. इथे मी न वाचता दुसऱ्याला नापास केलं होतं. पीएल सुरू झाली आणि सिग्नल्स अँड सिस्टिम्स बाजूला ठेवून मी तीन रात्रींत ते पुस्तक संपवलं. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे, आणि थोडं प्रायश्चित्तही.

आधी पुस्तकाविषयी. मार्गो लॅनगन ही ऑस्ट्रेलियन लेखिका. २००८ साली आलेली ही तिची कादंबरी किशोर आणि तरुण वाचकांसाठी म्हणून छापली गेली. अमेरिकेत तिला २००९ मध्ये किशोर साहित्यासाठीच्या प्रिंट्झ पुरस्काराच्या मानाच्या यादीत जागा मिळाली. त्याच वर्षी वर्ल्ड फँटसी अवॉर्डही जेफ्री फोर्डच्या 'द शॅडो इयर'बरोबर विभागून मिळालं. आणि त्याच सुमारास ब्रिटनमध्ये 'हे मुलांच्या हाती द्यायचं पुस्तक आहे का?' असा वादही वर्तमानपत्रांत झाला. म्हणजे आमच्या पोह्यांच्या मीटिंगमध्ये जे झालं, ते आमच्या आधी बऱ्याच मोठ्या लोकांनी करून झालं होतं.

गोष्टीचं मूळ जुनं आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहात १८३७च्या आवृत्तीपासून 'हिमगोरी आणि गुलाबलाली' अशा अर्थाच्या नावाची एक परीकथा आहे. (सात बुटक्यांची हिमगौरी ती वेगळी. नावावरून माझाही गोंधळ झाला होता.) जंगलात एक विधवा आपल्या दोन मुलींसह राहते. दारात दोन गुलाबाची झाडं, एक पांढरं, एक लाल. हिवाळ्यात एक अस्वल दार ठोठावतं, मुली त्याला शेकोटीपाशी घेतात. एका बुटक्याची दाढी झाडात अडकते, मुली ती कापून त्याला सोडवतात, तो मात्र उलट शिव्या देतो. शेवटी अस्वल म्हणजे राजपुत्र निघतो, एक बहीण त्याला आणि दुसरी त्याच्या भावाला. सगळं गोड.

आता मला सांगा, लहानपणी अशा गोष्टी ऐकताना आपण कधी विचारलं का, की ही बाई दोन पोरी घेऊन एकटी जंगलात का राहते? गावात का नाही? आटपाट नगरातल्या कहाण्यांतही नावडती राणी गोठ्यात राहते आणि आपण मान डोलावतो. लॅनगनबाईंनी नेमका हाच प्रश्न विचारला. या आईचं काय झालं होतं?

जे झालं होतं ते फार वाईट आहे. लिगा नावाची मुलगी, आई मेलेली, वय आपल्याकडच्या नववी-दहावीतल्या पोरीएवढं. तिच्यावर तिचा बापच अत्याचार करतो. तो मरतो. तिला वाटतं, सुटले. मग गावातली पाच पोरं घरात घुसतात. तान्ह्या मुलीला घेऊन ती जीव द्यायला कड्यावर जाते. तिथे एक चमत्कारिक, चंद्रासारखं उजळलेलं बाळ तिला थांबवतं आणि दोन रत्नं देतं, एक स्वच्छ, एक लाल. ती रत्नं ती दारात पुरते. त्यांची झाडं होतात. आणि लिगा ज्या जगात जागी होते, ते जग तिच्या मनातल्या इच्छेचं असतं. गाव तेच, रस्ते तेच, पण त्यात तिला दुखावणारं कुणी नाही. तिथे ती ब्रांझा आणि उर्डा या दोन मुलींना वाढवते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही आमच्या मीटिंगमध्ये निघाले होते, त्यातले दोन मीच काढले होते.

पहिला, पुस्तक घाण आहे. विषय घाण आहे हे खरं. पण अत्याचाराचं चवीनं केलेलं वर्णन या पुस्तकात मला सापडलं नाही. लेखिका दारापाशी थांबते. आपल्याला कळतं काय झालं, दिसत नाही. टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका आपण मेसमध्ये जेवताना बघतो, त्यात स्लो मोशनमध्ये ओढणी उडताना दाखवतात. ती चालते! मला जास्त लागलं ते वेगळंच. लिगाला आपल्या शरीराला काय होतंय हे समजतच नाही. दिवस गेलेत हे तिच्या आधी वाचणाऱ्याला कळतं. तिला कुणी काही सांगितलेलं नाही आणि तिच्याकडे त्यासाठी शब्द नाहीत. 'असलं काही मुलींच्या कानावर पडू नये' या विचाराने चालणाऱ्या घरातच बापाचं सगळं फावतं. पुस्तक काढून टाकताना आम्हीही त्याच विचाराच्या बाजूने हात वर केला होता.

आणि हे दूरच्या, काल्पनिक गावातलं आहे असं समजू नका. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल अत्याचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. तेरा राज्यांत बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो केलेला होता, आणि त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं होतं. त्यात मुलगेही होते, हे बॉइज हॉस्टेलमधल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावं. पॉक्सो कायदा आला तो २०१२ मध्ये. आता आपल्या मजल्यावर किती खोल्या आहेत ते मोजा आणि हिशोब तुम्हीच करा. इंजिनिअर आहात.

दुसरा आक्षेप, असलं वाचून मन खराब होतं, आधीच काय कमी टेन्शन आहे? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याला जखम आहे, त्याला हे पुस्तक नको त्या वेळी नको तिथे लागू शकतं. मला काही पानांनंतर गच्चीवर जाऊन फेऱ्या माराव्या लागल्या. पण म्हणून पुस्तक लपवणं हा उपाय नव्हे. लॅबमध्ये ॲसिडच्या बाटलीवर लेबल लावतात, ॲसिड रद्दीत देत नाहीत. आत काय आहे हे आधी सांगा, वाचायचं की नाही ते वाचणारीला ठरवू द्या. आमची चूक अशी झाली की आम्ही लेबल लावायच्या ऐवजी बाटलीच गायब केली.

आणि दुःखाची गोष्ट ऐकून मन फक्त खराबच होतं असं कुठे आहे? जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनी हजारो ओव्या गायल्या. त्यात सासुरवास आहे, मारहाण आहे, माहेरची ओढ आहे. त्या गाण्याने दळण हलकं होत असणार, म्हणूनच त्या गात होत्या. आपल्यासारखंच दुसरीचंही झालंय हे कळणं, हा फार मोठा आधार असतो.

तिसरा आक्षेप आमच्यातल्या टॉपरचा. एवढा गंभीर विषय आहे तर त्यात जादू कशाला? सरळ लिहा ना! मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण या पुस्तकातली जादू सोयीची नाही, तिला किंमत आहे, आणि खरं तर सगळं पुस्तक त्या किमतीबद्दल आहे.

लिगाचं ते सुरक्षित जग बघा. तिथे कुणी वाईट बोलत नाही. पण तिथली माणसं पूर्ण माणसंही नाहीत. गोड हसतात, ठरलेलं बोलतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळा नॉइज फिल्टर केला आणि त्याबरोबर सिग्नलही गेला! लिगाला ते चालतं, कारण तिला आधी शांतताच हवी आहे. मोठी ब्रांझा आईसारखी, तिलाही तिथे बरं वाटतं. धाकटी उर्डा मात्र अस्वस्थ. तिला सारखं वाटतं, या पलीकडे काहीतरी आहे. अधूनमधून खऱ्या जगातून कुणीतरी तिथे घुसतं. एक लोभी बुटका येतो, तो मालमत्ता लुटायला. गावच्या उत्सवात अस्वलाचं सोंग घेतलेला एक तरुण येतो, तो तिथे खरंच अस्वल होऊन पडतो. उर्डा अशाच एका फटीतून खऱ्या गावात जाते. आणि पुढे आई-बहिणीलाही तिथे यावं लागतं.

इथे मला पुस्तक खरं पटलं. लेखिका लिगाला 'पळपुटी' म्हणत नाही. जिचं एवढं झालंय तिला काही वर्षं दार लावून बसायचा हक्क आहे. त्या जगाने तिचा आणि तिच्या पोरींचा जीव वाचवला. पण जे आईसाठी औषध होतं, ते मुलींसाठी भिंत झालं. ब्रांझा पंचविशीच्या आसपास पहिल्यांदा खऱ्या जगात येते, आणि लोक टोचून का बोलतात, पुरुष असे का बघतात, हेच तिला कळत नाही. दुसरीला चार शिव्या ऐकवून जे पंधराव्या वर्षी कळतं, ते हिला एकदम सगळं अंगावर येतं.

हे वाचताना मला आमचं गेट आठवलं. (स्टाफपैकी कुणी वाचत असेल तर कृपया पुढचा परिच्छेद पूर्ण वाचावा, अर्ध्यावर रेक्टर मॅडमना दाखवू नये!)

मी गेटच्या वेळेविरुद्ध मोर्चा काढत नाहीये. रात्री गेटवर काका असतात म्हणून मला झोप लागते, हे मी मान्य करते. घरापासून लांब पहिल्यांदा आलेल्या मुलीला त्या गेटचा आधार वाटतो. पण सुरक्षितता म्हणजे फक्त गेट, असं एकदा ठरवलं की आपण बाकी काही करतच नाही. लिगाच्या बाबतीत आधी धोका घरातच होता. बाहेरून कितीही कुलपं लावली असती तरी काय उपयोग होता? आपल्याकडच्या पोलिसांच्या राष्ट्रीय आकडेवारीतही वर्षानुवर्षं हेच दिसतं, की बलात्काराच्या बहुसंख्य गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. मग आमच्या चार वर्षांत आम्हाला साडेनऊच्या आत यायला शिकवण्याबरोबर, नकोसं काही घडलं तर कुणाकडे, कोणत्या शब्दांत बोलायचं हे कुणी शिकवलं का? कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती आहे हे मला थर्ड इयरला कळलं, तेही ऑफिसबाहेरच्या बोर्डवर फीच्या नोटिशीखाली अर्धवट झाकलेल्या कागदावरून. त्या समितीतल्या मॅडमची नावं प्रत्येक मजल्यावर पाण्याच्या कूलरशेजारी लावली, तर खर्च किती? सहा प्रिंटआउट.

पुस्तकात सगळंच मला पटलं असं नाही. उर्डाला जेव्हा आईचं काय झालं होतं ते कळतं, तेव्हा तिचा राग तिच्याही नकळत जादू होऊन बाहेर पडतो आणि त्या पाच जणांवर तोच प्रसंग येतो. वाचताना क्षणभर बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण नंतर मला ते खुपलं. जी गोष्ट लिगावर झाली तेव्हा भयंकर होती, ती दुसऱ्यावर झाली की न्याय कशी होते? लेखिका या प्रश्नावर थोडी घाईने पुढे जाते असं माझं मत आहे. आणखी एक गोष्ट. या कादंबरीत काही पुरुष 'मी' म्हणून बोलतात, लिगा आणि मुली मात्र 'ती' म्हणूनच येतात. मला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की एकदा तरी लिगाने 'मी' म्हणावं. कदाचित लेखिकेला हेच सांगायचं असेल, की सोसणाऱ्याला स्वतःची गोष्ट स्वतः सांगायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. कदाचित तसं नसेलही. तुम्ही वाचून सांगा.

शेवट मी फोडणार नाही. एवढंच सांगते, की परीकथेसारखं सगळ्यांना सगळं मिळत नाही. लिगाच्या वाट्याला उशिरा एक आशा येते आणि ती ज्या रीतीने जाते, ते वाचून मी रात्री दोन वाजता चहा केला. पण उर्डाला तिच्या रागाचं काय करायचं ते शिकवणारं कुणीतरी भेटतं, ब्रांझा जगायला शिकते, आणि लिगाला तिचं गाऱ्हाणं ऐकणारी माणसं मिळतात. खऱ्या जगात, जिथे वाईट माणसंही तशीच आहेत.

परीक्षा संपल्यावर आमच्या कमिटीची पुन्हा मीटिंग झाली. या वेळी पाऊण तास चालली. दोघींचं मत बदललं नाही, आणि त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, लहान वयाच्या मुलीने चुकून उचललं तर? बरोबर आहे. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. पुस्तक कपाटात परत गेलं, पण वाकून शोधावं लागणार नाही अशा मधल्या खणात, आणि पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीत असं लिहिलंय:

'या गोष्टीत घरातल्या माणसाकडून आणि इतरांकडून झालेला लैंगिक अत्याचार आहे, जीव द्यायचा विचार आहे. जड गेलं तर बंद करा, त्यात लाज नाही. बोलावंसं वाटलं तर कमिटीतल्या कुणाचंही दार वाजवा. रात्री-अपरात्री फोन करायचा तर टेली-मानस १४४१६. अठरा वर्षांखालच्या कुणासाठी असेल तर १०९८.'

चिठ्ठी लिहायला आम्हाला पुस्तक काढायच्या ठरावापेक्षा जास्त वेळ लागला. 'लैंगिक अत्याचार' हे दोन शब्द कागदावर लिहिताना चौघींपैकी एकीचाही हात सरळ चालला नाही. यावरून काय ते ओळखा.

त्या फर्स्ट इयरच्या मुलीला मी पुस्तक तिच्या खोलीत नेऊन दिलं. म्हटलं, "बहिणींचं काय होतं ते तूच वाच. पण सॉरी, मी न वाचताच काढलं होतं." तिने पुस्तक घेतलं, चिठ्ठी वाचली, आणि विचारलं, "ताई, दार वाजवायचं म्हणजे कधीही?"

मी म्हटलं, "कधीही."

ती नंतर आली की नाही, आणि आली असेल तर काय बोलली, हे मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. मी फक्त एवढंच सांगेन, की ज्या पुस्तकाला आम्ही सात मिनिटांत हाकललं होतं, त्याच्या कार्डावर आता अकरा सह्या आहेत. 'मृत्युंजय'च्या खालोखाल! नोंदवहीच्या मागच्या पानावरच्या त्या निनावी ओळीखाली कुणीतरी पेन्सिलने उत्तर लिहिलंय, 'बरं झालं आहे ते.' अक्षर माझं नाही.

बॉइज हॉस्टेलकडूनही मागणी आली आहे. प्रत एकच आहे, नंबर लावावा लागेल. आणि कृपया चिठ्ठी फाडू नये.